यूसीई इंजिनाच्या क्लासिक ३५०साठी कोणता ऑइल फिल्टर घ्यावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०१६ सालची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० मोटारसायकल आहे, म्हणजे हायड्रॉलिक टॅपेटचे (ऑइलच्या दाबाने झडपांची फट आपोआप राखणारे) जुने यूसीई इंजिन, ज्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असतात. गाडी आजवर ६१,००० किलोमीटर चालली असून तिचा बराचसा प्रवास कराड-कोल्हापूर महामार्गावर आणि पाऊस ओसरल्यावर कुंभार्ली घाटाने चिपळूणपर्यंत होतो. ऑइल बदलण्याचे काम मी आतापर्यंत गॅरेजवर सोपवत आलो. गाडी सकाळी ठेवायची आणि संध्याकाळी बिल चुकते करून आणायची, एवढाच माझा संबंध. या खेपेला मात्र ते काम घरच्या अंगणात स्वतः करायचे ठरवले आहे. मॅन्युअलमध्ये सांगितलेले १५डब्ल्यू-५० ग्रेडचे, जासो एमए दर्जाचे (ऑइलात भिजणाऱ्या क्लचला चालणारे) ऑइल आणून ठेवले आहे, त्यामुळे ऑइलचा प्रश्न मिटला. अडलो आहे तो फिल्टरपाशी.

दुकानदाराने माझ्यापुढे तीन फिल्टर ठेवले. पहिला कंपनीच्या पाकिटातला मूळ कागदी फिल्टर. दुसरा त्याच आकाराचा, पण वेगळ्या उत्पादकाचा आणि जवळजवळ निम्म्या किमतीचा. त्याच्या खोक्यावर ‘१० मायक्रॉन’ असे ठळक अक्षरांत छापले होते. तिसरा स्टेनलेस स्टीलच्या जाळीचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा आणि पहिल्याच्या कितीतरी पट महाग. मी विचारात पडलेला पाहून दुकानदार म्हणाले, "कोणताही न्या, ऑइल सगळ्यांतून सारखंच जातं." ऑइल जाते हे खरेच, पण त्याच्याबरोबर कचरा किती जातो हे गिऱ्हाइकाने कशावरून ओळखायचे?

मायक्रॉनचा आकडा जितका लहान तितका फिल्टर चांगला, असे समजावे काय? फिल्टर प्रत्येक ऑइलबरोबर बदलावा की एकाआड एक चालेल? आणि एक गोष्ट सांगून ठेवतो, तिचा या प्रश्नाशी संबंध असेल किंवा नसेलही: मागच्या सर्व्हिसिंगपासून उजव्या बाजूला, फिल्टरच्या गोल झाकणाखाली, ऑइलचा ओलसर पट्टा दिसतो. थेंब पडत नाही, पण पुसला की चार दिवसांनी पुन्हा धूळ धरून काळा होतो.

गाळणी

मी काही वर्षे फिल्टर बनवणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

खोक्यावरच्या ‘१० मायक्रॉन’ला त्याच्या पुढचा आकडा नसेल तर काही अर्थ नाही. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे समजायला सोपे जाईल. कागद म्हणजे एकाच मापाची भोके पाडलेला पत्रा नव्हे. तो तंतूंचा गुंता असतो आणि त्यातल्या वाटा लहानमोठ्या असतात. दहा मायक्रॉनचा एखादा कण त्यात अडकतो, दुसरा निसटतो. त्यामुळे विचारायचा प्रश्न ‘किती मायक्रॉन’ एवढाच नसून ‘त्या मापाचे किती कण अडतात’ हा आहे. आयएसओ ४५४८-१२ या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी चाचणी आहे. तीत ठरावीक धूळ मिसळलेले ऑइल फिल्टरमधून पुनःपुन्हा फिरवतात आणि फिल्टरच्या आधीचे व नंतरचे कण मोजतात. या दोन संख्यांच्या गुणोत्तराला बीटा म्हणतात. २० मायक्रॉनला बीटा ७५ असेल तर तेवढे किंवा त्याहून मोठे ७५ कण आले असता एकच पुढे जातो, म्हणजे सुमारे ९८.७ टक्के अडतात. बीटा २ असेल तर निम्मे पुढे जातात. निम्मे कण सोडणारा कागदसुद्धा ‘१० मायक्रॉनचा’ म्हणून विकता येतो आणि तसे म्हणणे अगदीच खोटेही ठरत नाही, कारण दहा मायक्रॉनचे काही कण तो अडवतोच. तुमच्या खोक्यावर बीटा किंवा टक्केवारी छापलेली नसेल तर तो आकडा म्हणजे केवळ सजावट आहे.

तो आकडा अगदी खरा आहे असे मानले तरी फार बारीक कागद हा निव्वळ लाभाचा सौदा नाही. या फिल्टरला मिळणारी जागा जेमतेम असते. तेवढ्याच जागेत, तेवढ्याच घड्यांचा, पण अधिक दाट कागद बसवला तर ऑइलला होणारा विरोध वाढतो आणि फिल्टर लवकर भरतो. इंजिनाचा विचार केला तर ऑइल वेळेवर न पोहोचणे हे थोडे मळके ऑइल पोहोचण्यापेक्षा कितीतरी वाईट, म्हणूनच फिल्टर तुंबला किंवा ऑइल थंडीने दाट झाले की त्याला वळसा घालून ऑइल पुढे सोडणारी बायपास झडप ठेवलेली असते. ती काही रचनांत फिल्टरच्या पोटात असते, काहींत इंजिनात. डिसेंबरच्या पहाटे १५डब्ल्यू-५० ऑइल घट्टसर असताना गाडी सुरू होताच मुठीने जोरात रेस केली तर ही झडप उघडते, आणि त्या वेळी तुमचा दहा मायक्रॉनचा कागद नुसता बघ्याच्या भूमिकेत असतो. मूळ फिल्टर आणि त्या इंजिनाचा पंप यांचे गणित एकत्र बसवलेले असते. त्यातली एकच बाजू ‘सुधारली’ तर दुसरी बिघडण्याचा संभव राहतो.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. कारखान्यात परत आलेले सुटे कागदी फिल्टर तपासताना कागद फाटलेला क्वचितच आढळे. दोष बहुधा टोकांना असे. ऑइल फिल्टरच्या बाहेरच्या घड्यांतून आत शिरते आणि मधल्या पोकळीतून इंजिनाकडे जाते. या दोन प्रदेशांमध्ये भिंत असते ती कागदाची, आणि त्या भिंतीच्या टोकांना असते रबरी कडा. ती कडा कडक झाली, तिचे माप अर्ध्या मिलिमीटरने चुकले किंवा टोकाची चकती कागदाला नीट चिकटलेली नसली, तर ऑइल कागदाच्या वाटेला न जाता त्या फटीतून सरळ निघून जाते. ही गळती आतल्या आत होते. बाहेर थेंब दिसत नाही, दिवा लागत नाही, आवाज येत नाही. दोन फिल्टर हातात घेऊन तुलना करायचीच असेल तर घड्या मोजत बसू नका. रबरी कडा बोटाने दाबून पाहा, टोकाची चकती हलते का ते पाहा, घड्या सगळीकडे सारख्या अंतरावर आहेत का, आणि कागदाचा सांधा पूर्ण उंचीभर चिकटलेला आहे का, हे उजेडात धरून पाहा. मधली भोकांची नळी अंगठ्याने चेपत असेल तर तो फिल्टर दुकानातच ठेवा. दाबाखाली कागद आत ढासळू न देणे हेच तिचे काम आहे.

थोडक्यात माझे मत पहिल्या फिल्टरच्या बाजूने आहे, आणि तो प्रत्येक ऑइलबरोबर बदलावा. एकाआड एक बदलण्याने वाचणारी रक्कम एका वेळच्या पेट्रोलपेक्षाही कमी आहे.

ओलसर पट्ट्याविषयी: तो झाकणाच्या ओ-रिंगचा, म्हणजे त्याखालच्या रबरी कड्याचा, दोष दिसतो. झाकण उघडल्याशिवाय अधिक सांगता येणार नाही.

कास्ट_आयर्न

वरील उत्तर मनापासून पटले. मी या विद्येत शिकलेला नाही, पण बुलेट तीस वर्षांहून अधिक काळ चालवतो आहे.

कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटमध्ये कागद नव्हताच. तिथे फेल्टचा, म्हणजे दाबलेल्या लोकरी नमद्यासारखा फिल्टर असे. आम्ही तो रॉकेलात खळबळून, पिळून, उन्हात वाळवून पुन्हा बसवत असू, आणि तो लोण्यासारखा मऊ पडला की नवा आणत असू. ती इंजिने त्यावर चालली हे खरे, पण त्यांचे ऑइल आम्ही दोन-अडीच हजार किलोमीटरला ओतून देत होतो, हेही त्याच दमात सांगायला हवे. ऑइल इतक्या लवकर बदलायचे असेल तर फिल्टर कसाही चालतो. आज आपण त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतर एकाच ऑइलवर काढतो, तेव्हा मधल्या काळातला सगळा मळ धरून ठेवण्याची जबाबदारी फिल्टरवर येते.

‘स्प्लेंडरला कुठे कागदी फिल्टर असतो, तरी ती लाखभर किलोमीटर चालतेच ना’ असे म्हणणारे कोणी तरी येथे येईलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. तिला कागदी फिल्टर नसतो, पण गाळण्याची सोय नसते असे नाही. खाली ऑइल ओढण्याच्या तोंडाशी जाळी असते, आणि क्रँकच्या टोकाला एक फिरती वाटी असते. ऑइल त्या वाटीतून जाताना जड कण ताक घुसळताना उडावेत तसे कडेला फेकले जातात आणि तिथे चिकटून राहतात. उजवे कव्हर उघडून ती वाटी पाहिली तर आत काळ्या शाडूसारखा थर बसलेला आढळतो. ही व्यवस्था छोट्या इंजिनाला उत्तम आहे, फक्त ती साफ करायला कव्हर उघडावे लागते आणि पॅकिंग नवे घालावे लागते, म्हणून पुष्कळ ठिकाणी ती वर्षानुवर्षे साफच होत नाही. तुमच्या यूसीईला ती वाटी नाही. तिथे जाळी आणि कागद एवढ्यांवरच भिस्त आहे.

जाळीवरून आठवले. नुसता फिल्टर बदलून थांबू नका. इंजिनाच्या ऑइल चेंबरच्या तळाशी असलेले जाळीचे झाकणही उघडा आणि जाळी पेट्रोलने धुऊन बसवा. एका ओळखीच्या गाडीच्या जाळीत सिलिकॉन सीलंटचे गांडुळासारखे तुकडे निघाले होते. कोणी तरी कव्हर बसवताना हात सैल सोडून सीलंट फासले होते, आणि जास्तीचा सीलंट आत गळून जाळीत जाऊन बसला होता. तुमचा ओला पट्टा बंद करायला झाकणावर सीलंट लावण्याचा मोह होईल; तेवढा टाळा.

स्पितीवारी

स्टीलच्या जाळीची बाजू कोणीच मांडत नाही, म्हणून लिहितो. मी याच इंजिनाच्या गाडीवर दोनदा हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आलो आणि दोन्ही वेळा जाळीचा फिल्टर वापरला. तिथल्या काझासारख्या ठिकाणी आपल्याला हवा तो कागदी फिल्टर मिळेलच याची खात्री नसते. जाळीचा असेल तर पेट्रोलात धुतला की काम झाले. त्यातून ऑइल मोकळे जाते, थंडीत तर विशेष. गाडीला आजवर काहीही झालेले नाही. मग त्याला एवढी नावे का ठेवावीत?

गाळणी

स्पितीवारी, नावे ठेवायची नाहीत, पण ‘काहीही झालेले नाही’ हा पुरावा धरता येत नाही, कारण बारीक कणांनी होणारी झीज काही हजार किलोमीटरांत दिसतच नाही. या जाळ्या सहसा ३० ते ३५ मायक्रॉनच्या म्हणून विकल्या जातात. तिचे छिद्र एका मापाचे असते, ही तिची जमेची बाजू: त्याहून मोठा गोल कण पार जात नाही. पण जाळी पृष्ठभागावर गाळते, कागद खोलीत गाळतो. कागदाच्या गुंत्यात छिद्रापेक्षा लहान कणही पुष्कळ अडकतात. जाळीतून ते सगळे निघून जातात. ऑइल मोकळे जाते ते त्यामुळेच.

मोटारसायकलच्या बाबतीत याला अधिक महत्त्व आहे. बहुतेक मोटारींत इंजिनाचे ऑइल फक्त इंजिनापुरते असते. आपल्या गाडीत तेच ऑइल क्लचच्या प्लेटांना भिजवते आणि तेच गिअरांच्या दात्यांमध्ये चेपले जाते. क्लचच्या अस्तराची बारीक काळी भुकटी आणि गिअरांचा कीस, दोन्ही त्यात मिसळतात, आणि हायड्रॉलिक टॅपेटच्या आतल्या फटी फार अरुंद असतात. ही भुकटी मुख्यतः बारीकच असते, म्हणजे नेमकी जाळी जी सोडते ती.

आणखी एक व्यवहारातली अडचण. जाळी धुऊन स्वच्छ झाली हे ठरवायचे कसे? ब्रशने जोरात घासली किंवा कॉम्प्रेसरची हवा जवळून मारली तर कडेचा एखादा धागा सुटतो आणि तिथे केसाच्या कितीतरी पट मोठे भोक पडते. प्रत्येक वेळी भिंगातून पाहणार असाल तर वापरा. स्पितीच्या प्रवासासाठी मी स्वतः दोन कागदी फिल्टर आणि चार ओ-रिंगा सामानात टाकेन. सगळे मिळून हातमोज्याच्या जोडीएवढीही जागा घेत नाही.

स्पितीवारी

भिंगाची गोष्ट मान्य. मी आजवर जाळी डोळ्यांनीच पाहत आलो. पुढच्या वेळी भिंग घेऊन बसेन आणि काय दिसते ते येथे लिहीन. मत अजून बदललेले नाही, एवढे नमूद करतो.

सुटे_भाग

मी सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असतो. फिल्टर कोणता घ्यावा यावर येथे चांगली चर्चा झाली आहे. मी फक्त खरा कसा ओळखावा याबद्दल लिहितो, कारण ‘मूळ’ म्हणून मिळणारा प्रत्येक फिल्टर मूळ असतोच असे नाही.

पाकीटबंद वस्तूंसाठी २०११चे वजनमापविषयक नियम आहेत. त्यांनुसार पाकिटावर उत्पादकाचे किंवा पाकीट भरणाऱ्याचे नाव व पत्ता, नग किती, कमाल किरकोळ किंमत, महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असावा लागतो. नकली पाकिटावर रंग, चिन्ह, होलोग्राम सगळे हुबेहूब उतरवतात, पण ही बारीक अक्षरांची माहिती उतरवताना चुकतात. पत्ता अर्धवट असतो, इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग चुकलेले असते, किंवा महिना-वर्षाच्या जागी नुसता शिक्का फासलेला असतो. पार्ट नंबर आपल्या गाडीच्या वर्षाशी जुळवून घ्या. क्लासिक ३५० हेच नाव २०२१पासून नव्या जे-सीरिज इंजिनाच्या गाडीलाही आहे आणि ती गाडी वेगळी आहे. काउंटरवर येऊन ‘क्लासिकचा फिल्टर द्या’ एवढेच सांगणाऱ्याला घाईच्या वेळी चुकीचे पाकीट जाऊ शकते. वर्ष सांगा, जमल्यास जुना फिल्टर सोबत आणा.

पाकिटात फिल्टरबरोबर ओ-रिंगा आहेत का, हे दुकानातच उघडून पाहा. नसतील तर वेगळ्या मागा, आणि ड्रेन बोल्टचे (ऑइल सोडण्यासाठी उघडतात त्या बोल्टचे) वॉशरही त्याच वेळी घ्या. वॉशर मऊ धातूचे असते, ते एकदाच चेपण्यासाठी असते. जुने वॉशर पुन्हा लावले की ते गळते, मग माणूस बोल्ट जास्त आवळतो आणि ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. असे गिऱ्हाईक आमच्याकडे नेहमी येते, आणि ते तीन रुपयांचे वॉशर घ्यायला आलेले नसते.

दुसऱ्या उत्पादकांचे सगळे फिल्टर टाकाऊ असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. मोटारकंपन्यांना माल पुरवणारे काही फिल्टर उत्पादक तोच दर्जा स्वतःच्या नावानेही विकतात. निम्म्या किमतीचा फिल्टर त्यांतला आहे की नाही, एवढे पाहायचे.

जोडइंजिन

प्रश्न क्लासिकचा आहे, तरी रॉयल एनफील्डच्याच ६५० गाड्यांच्या मालकांसाठी चार ओळी. इंटरसेप्टर आणि काँटिनेंटल जीटीला सुटा कागद नसून फिरवून बसणारा डबा असतो. डब्याच्या बाबतीत आट्याचे माप हा कळीचा मुद्दा आहे. २० मिलिमीटर व्यास आणि दीड मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) आटा असलेले डबे पुष्कळ आहेत, आणि पाऊण इंच व्यासाचे, इंचाला सोळा आट्यांचे डबेही पुष्कळ आहेत. दोन्हींच्या व्यासात एका मिलिमीटरपेक्षा कमी फरक आहे, त्यामुळे चुकीचा डबा हातात घेऊन तो बसणारच असे वाटते. ‘मोटारीचा स्वस्त डबा बसतो’ असे ऐकून तो लावू नये, हे सांगण्याचे कारण एवढेच.

डबा काढल्यावर जुनी रबरी रिंग डब्याबरोबर आली की इंजिनाला चिकटून राहिली, हे आधी पाहावे. ती राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर गाडी अंगणात ठीक वाटते आणि महामार्गावर दाब वाढला की सगळे ऑइल मागच्या टायरवर येते. नव्या रिंगेला बोटाने ऑइल लावावे, ती टेकली की हाताने साधारण पाऊण फेरा आवळावे. काही डब्यांच्या बुडाला नट असतो, तो काढण्याच्या सोयीसाठी आहे. बसवताना त्याला पाना लावू नये.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. रविवारी काम उरकले. जे आढळले ते सांगतो.

मूळ कंपनीचाच फिल्टर आणला होता, ओ-रिंगा आणि वॉशरसह. दुकानात पाकीट उघडून पाहिले तेव्हा दुकानदारांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पाहू दिले. इंजिन पाच मिनिटे चालवून कोमट केले, मधल्या स्टँडवर गाडी उभी करून ऑइल सोडले, मग गोल झाकण उघडले. झाकणाची ओ-रिंग गोल उरलीच नव्हती. ती चपटी होऊन पट्टीसारखी झाली होती आणि नखाने वाकवताच तिला बारीक चिरा दिसल्या. ओलसर पट्ट्याचे कारण ते. गाळणी यांचा अंदाज बरोबर निघाला.

खरी चकित करणारी गोष्ट त्याच्या आत होती. दोन सर्व्हिसिंगपूर्वी मी पुण्याहून स्वतः एक फिल्टर विकत आणून गॅरेजमध्ये दिला होता. त्याच्या टोकाची रबरी कडा निळी होती, म्हणून तो नेमका लक्षात राहिला. झाकण उघडले तर आत तोच निळ्या कडेचा फिल्टर. त्यानंतर एकदा ऑइल बदलून झाले आहे, आणि त्या बिलात ‘ऑइल फिल्टर १ नग’ अशी ओळ आहे. बिल अजून माझ्या फाइलमध्ये आहे. गॅरेजचे नाव येथे लिहीत नाही. सोमवारी बिल आणि फिल्टर दोन्ही घेऊन समोर बसलो, तेव्हा मालकांनी पोराकडे पाहिले, पोराने जमिनीकडे पाहिले, आणि फिल्टरचे पैसे मला परत मिळाले.

म्हणजे मी येथे तीन फिल्टरांत कोणता निवडावा हे विचारत होतो, तेव्हा गाडीत गेले वर्षभर चौथाच बसलेला होता.

गाळणी यांच्या लेखनाने उत्सुकता वाढली होती, म्हणून जुना फिल्टर कापून कागद वर्तमानपत्रावर पसरला आणि रात्रभर ऑइल निथळू दिले. घड्या दोन ठिकाणी एकमेकींना चिकटून आत दबल्या होत्या. काळा मऊ चिखल भरपूर होता. फ्रिजवरचे चुंबक कागदात गुंडाळून वरून फिरवले तेव्हा राखेसारखी बारीक पूड उठली. डोळ्याला वेगळा दिसेल असा तुकडा एकही नाही. काही चमकणारे ठिपके चुंबकाला लागले नाहीत. हे कितपत काळजीचे आहे?

जाळीही उघडली. कास्ट_आयर्न काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे सीलंटचा एक तुकडा तिथे होताच, तांदळाच्या दाण्याएवढा. धुऊन, नवी ओ-रिंग घालून बसवली.

गाळणी

काळा चिखल म्हणजे मुख्यतः क्लचच्या अस्तराची भुकटी आणि ज्वलनातली काजळी. फिल्टर दुप्पट काळ राहिल्यामुळे तो जास्त दिसला. चुंबकाला लागणारी राखेसारखी पूड म्हणजे गिअरांची नेहमीची झीज. चुंबकाला न लागणारे ठिपके ॲल्युमिनियमचे असावेत. एवढ्या किलोमीटरला मोजके ठिपके दिसले तर घाबरू नये. नखाला टोचेल असा तुकडा, पत्र्याची कपची किंवा पितळी रंगाचे पापुद्रे निघाले असते, तर गाडी चालवू नका असे सांगितले असते. पुढच्या वेळी ऑइल थोडे लवकर, समजा दोन हजार किलोमीटरला बदला आणि फिल्टर असाच पसरून तुलना करा. ठिपके तेवढेच किंवा कमी असतील तर विषय संपला. दबलेल्या घड्या पाहता मधल्या काळात पुष्कळ ऑइल न गाळताच गेले असणार, म्हणून ही एक खेप लवकर घ्या एवढेच.

नव्या फिल्टरच्या टोकावर न पुसल्या जाणाऱ्या शाईने तारीख आणि किलोमीटर लिहिले का?

कृष्णाकाठ

लिहिले, आणि झाकण लावण्यापूर्वी फोटोही काढला.

कास्ट_आयर्न

उत्तम. ऑइल भरल्यावर किल स्विच बंद ठेवून दहा-बारा किका मारल्या होत्या ना? रिकाम्या झालेल्या फिल्टरच्या खोलीत आणि टॅपेटपर्यंत ऑइल पोहोचले की मगच इंजिन सुरू करावे. मारल्या नसतील तरी आता त्याचे काही नाही, पुढच्या वेळी ध्यानात ठेवा. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन काचेतून पातळी पुन्हा पाहा, कारण नवा कागद आपल्यापुरते ऑइल पिऊन घेतो आणि पातळी थोडी उतरते. झाकणाखालून एकदा कोरडे बोट फिरवा. जुने ऑइल नाल्यात किंवा उसाच्या बांधावर ओतू नका; डब्यात भरून त्याच गॅरेजवर नेऊन द्या, त्यांच्याकडे ते पिंपात जमा होते. आता तुमची तिथे ओळख चांगली झालीच आहे.